सोळावा खांब

बाबांचा शेवटचा साधा दिवस मी मुद्रितं तपासण्यात घालवला.

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे एक पाटी टांगलेली असे. घरातलं निम्मं बोलणं त्या पाटीवरच चालायचं, कारण बाबा बोलत नसत. मुके नव्हते. बोलणं त्यांना ओझ्यासारखं वाटायचं, आणि ओझी ते इतर पुष्कळ वाहत. आमच्या किनाऱ्यापासून दीपगृहाच्या खडकापर्यंत तीन मैलांचा पट्टा ओहोटीत उघडा पडतो. नुसता गाळ आणि रेती. त्यावर वाट दाखवणारे चोवीस लाकडी खांब रोवायचे, वादळानंतर तपासायचे, हलवायचे, त्यांना डांबर लावायचं, हे बाबांचं काम. त्या खांबांच्या आधाराने आठवड्यातून एकदा चिखलगाडी ओढत दीपगृहावर सामान पोचवायचं, हे काकांचं, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाचं. चिखलगाडीला चाकं नसतात. तळाला दोन गुळगुळीत फळ्या, वर जाळी आणि ओढायला दोर.

त्या दुपारी बाबा गाळावरून परतले, पाय धुतले, पाटीवर उद्याच्या वाटेचे आकडे लिहिले आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"उद्या येतेस?"

"कुठे?"

"गाळावर."

"बाबा, सोमवारी पुस्तक छपाईला जायचंय. अजून ऐंशी पानं बाकी आहेत. पुढच्या वेळी नक्की."

"बरं," म्हणाले आणि निघून गेले.

आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "अहो, ती आता बुटांतली झाली. आधी तिच्या पायांना विचारा, येतात का."

मी हसले. मी शहरातल्या पाठ्यपुस्तकांच्या छापखान्यात मुद्रितशोधक आहे. इतरांच्या चुका शोधण्याचा पगार मिळतो आणि सवय लागली की ती सुट्टीत सुटत नाही. चहा ओतून घ्यायला उठले तेव्हा पाटी समोर होती. बारा, तेरा, चौदा, पंधरा, सतरा, अठरा. बाबांचे आकडे ऐसपैस असत. दोन आकड्यांत बोटभर जागा.

सोळा नव्हता.

म्हातारे झाले, असं मनात आलं. वाईट वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, त्या वाईट वाटण्यात थोडं बरंही वाटलं. त्यांना सांगून ओशाळं कशाला करायचं, म्हणून पाटीवरची पेन्सिल घेतली आणि मधल्या जागेत सोळा लिहिला. आकडे मी त्यांच्याकडूनच शिकले होते. त्यांचा सहा आणि माझा सहा एकाच वळणाचा.

मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. पूर्वी खांब धोक्याचा झाला की बाबा पाटीवर त्याच्या आकड्यावर फुली मारत. पण फुली मारली तरी आकडा डोक्यात राहतो आणि धुक्यात माणूस नेमका तिकडेच ओढला जातो, असं त्यांच्या लक्षात आलं. म्हणून अलीकडे ते तो आकडा लिहितच नसत. नियम सरळ होता: पाटीवर नाही, तर त्या खांबाकडे जायचंच नाही. दहा वर्षं मी शहरात होते. घरातला हा नवा नियम मला कुणी सांगितला नव्हता आणि मीही विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी पाटी वाचली आणि गाडी घेऊन निघाले. बाबा पहिल्या खांबाला डांबर लावत होते. काका पंधराव्यावरून सोळाव्याकडे वळताना त्यांना दुर्बिणीतून दिसले. बाबा धावले. काका कमरेपर्यंत रुतले होते आणि भरती सुरू झाली होती. बाबांनी काकांना फळीवर ओढलं, फळी ढकलली, आणि स्वतः मागे राहिले. तिसऱ्या दिवशी ते किनाऱ्याला लागले. गाडी मिळाली नाही. गाडीला बांधलेला पत्र्याचा डबा मिळाला नाही, ज्यात दीपगृहावर सहीसाठी पाठवायची बाबांची कामाची वही असे.

चौकशीला एक अधिकारी आले. पाटीचं छायाचित्र काढून त्यांनी विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

"ह्यांचंच," आई म्हणाली.

मी तिथे उभी होते. कानामागे पेन्सिल होती. बोलले नाही.

अकरा महिन्यांनी छापखान्यात माझ्या टेबलावर एक पुस्तिका आली. गाळवाटेवरची सुरक्षितता, पाने सोळा. शेवटच्या पानावर उदाहरणं दिली होती. तिसरं उदाहरण असं: 'खांबवाल्याच्या नजरचुकीमुळे एकाचा मृत्यू.' मी वाक्य चारदा वाचलं. त्यात काना-मात्रेचीसुद्धा चूक नव्हती. चूक कुठे आहे हे सबंध जगात मला एकटीला माहीत होतं, पण समासात ती लिहायची कोणतीच खूण आम्हाला शिकवलेली नव्हती.

त्याच आठवड्यात आईचा फोन आला. उधाणाच्या मोठ्या ओहोटीत दीपगृहावरच्या माणसाला गाडीची एक फळी वर आलेली दिसली होती, पंधराव्या खांबाच्या पलीकडे. एवढी खोल ओहोटी वर्षातून तीनच दिवस असते.

म्हणून आम्ही निघालो. डबा आणायचा, एवढाच हेतू! वहीत बाबांनी 'सोळा सोडणे' लिहिलं असणार, याची मला खात्री होती. तेवढं मिळालं की त्यांच्या नावावरची नजरचूक पुसली जाईल. मग पाटीवर सोळा कुणी लिहिला? ते कोडं तसंच राहील, असा माझा हिशेब होता. वही बोलली तर मला बोलावं लागणार नव्हतं.

आम्ही तिघं होतो. काका, मी आणि चौकशी अधिकारी. अधिकाऱ्यांचं नाव काकांनी 'फूटपट्टी' ठेवलं होतं, कारण पहिल्या भेटीत त्यांनी खांबाची उंची खरोखरच फूटपट्टीने मोजली होती. माणूस वाईट नव्हता. अहवाल कायमचा बंद करण्याआधी वही आपल्या डोळ्यांनी पाहायची म्हणून हट्टाने आला होता.

"साहेब, पोहता येतं?" काकांनी विचारलं.

"येतं."

"ते इथे काही कामाचं नाही. चिखलात लोळता येतं का?"

"तो अनुभव नाही."

"येईल, येईल," काका म्हणाले. ते काठी टेकत चालत होते. अपघातापासून त्यांचा उजवा गुडघा वाकत नव्हता. माझ्या गमबुटांकडे पाहून म्हणाले, "छापखान्यातून दिले का हे?"

"दुकानातून."

"दादा असता तर समुद्रात फेकले असते."

सकाळ स्वच्छ होती. पाणी एवढं मागे गेलं होतं की क्षितिजावर नुसती एक चमकती रेघ दिसत होती. अलीकडे मैलच्या मैल तपकिरी, करडी, रुपेरी रेती पसरलेली, तिच्यावर वाऱ्यापाण्याने उठवलेल्या बारीक वळ्या, मधूनमधून आरशासारखी डबकी, आणि त्यातून एकामागे एक सरळ निघालेले काळे खांब. प्रत्येकाच्या डोक्याशी डांबराचा पट्टा, त्याखाली कोरलेला आकडा. दोन खांबांत तीनशे पावलं. अकरा महिने त्यांना कुणी हात लावला नव्हता. काही कलले होते, चौथ्याचा पत्ताच नव्हता.

तिसऱ्या खांबानंतर बोलायचं नाही, हा बाबांचा नियम. मी सहा वर्षांची असताना त्यांनी मला अनवाणी इथे आणलं होतं. मी दिसेल त्याचं नाव घेत चालले होते. खेकडा! शिंपला! पक्षी! बाबा थांबले आणि म्हणाले, "बोलतेस तेव्हा पाय बहिरे होतात." त्यांनी मला एका दमात सांगितलेलं हे सगळ्यात लांब वाक्य असेल. नंतर मी मोठी झाले, पुस्तकं वाचली आणि बाबांच्या गप्प राहण्याला उणीव म्हणू लागले. एकदा तर तोंडावर म्हणालेही, "बाबा, शब्दच नाहीत तुमच्याकडे." त्यावरही ते "बरं" म्हणाले होते.

काका तिसऱ्या खांबाशी गप्प झाले. मी झाले. साहेब बोलतच राहिले. त्यांच्या हातात नकाशाचं यंत्र होतं आणि ते प्रत्येक खांबाशी त्यात पाहून मोठ्याने जागा सांगत होते.

बाराव्या खांबाशी मचाण आहे. चार जाड वासे, शिडी, वर लाकडी खोपटं. भरतीत अडकलेल्यांसाठी. काकांनी शिडी हलवून पाहिली, मान डोलावली आणि आम्ही पुढे निघालो. तेरा. चौदा. पंधरा.

आणि तिथून ती दिसली! शंभरेक पावलांवर, डावीकडे, गाळातून वर आलेली एक वाकडी फळी, तिच्यावर शेवाळ, आणि खाली जाळीचा कोपरा.

"तीच," काका कुजबुजले.

मधली रेती गुळगुळीत होती. वळ्या असलेली रेती माणूस पेलते, गुळगुळीत रेती गिळते. आमच्याकडे दोन लांब फळ्या होत्या. एकीवर आडवं व्हायचं, दुसरी पुढे सरकवायची, तिच्यावर सरपटत जायचं, मागची ओढून घ्यायची. मी सर्वांत हलकी, म्हणून मी गेले. काका आणि साहेब कडेच्या घट्ट रेतीवर माझ्या कमरेचा दोर धरून थांबले.

गाळाला कुजक्या पाल्यासारखा वास होता. हनुवटी चिखलात, कोपर चिखलात. वीस हात. चाळीस. फळी खालून डुचमळत होती. शेवटी हात जाळीला लागला. मी जाळीत हात घातला, बोटं चाचपडली, आणि पत्रा लागला!

डबा होता. कडी होती. कडीला बाबांनी मारलेली गाठ होती, अकरा महिन्यांच्या खाऱ्या पाण्याने दगड झालेली. मी खिशातला चाकू काढला आणि दोर कापू लागले. एक पदर तुटला.

"धुकं!" साहेब ओरडले.

मी मान वळवली. समुद्राकडून एक करडी भिंत येत होती. धावत नव्हती, पण थांबतही नव्हती. मी पुन्हा दोराकडे वळले. दुसरा पदर तुटला. एकच राहिला.

तेवढ्यात मागून काकांची किंकाळी आली!

मी नीट दिसावी म्हणून ते चार पावलं पुढे आले होते. चारच! वाकत नसलेला गुडघा सरळ आत गेला होता, दुसरा त्याच्यामागे. मांड्यांपर्यंत. साहेब त्यांच्या काखेत हात घालून ओढत होते आणि स्वतःही घोट्यांनी बुडत होते.

"हलू नका!" मी ओरडले. "काका, मागे रेला! पाठीवर! झोपा!"

"डबा घे आधी!" काका ओरडले. "डबा घे, पोरी!"

एक पदर. चार-पाच वेळा चाकू फिरवायचा. पण दोन्ही फळ्या माझ्याखाली होत्या, आणि काकांच्या डोळ्यांत मला ती सकाळ दिसत होती. दुसऱ्यांदा तसंच मरायला निघालेला माणूस मी आधी कधी पाहिला नव्हता.

मी डबा सोडला.

उलटी सरपटत आले. एक फळी काकांच्या पाठीखाली सरकवली, दुसरी साहेबांच्या पायांखाली. गमबूट चिखलाने भरले होते, म्हणून तिथेच काढून फेकले. हातांनी गाळ उकरला. पाय सुटत नव्हता. पुन्हा उकरला. काका शिव्या देत होते, मला, समुद्राला, साहेबांना. एक पाय सुटला! मग दुसरा, बुटाशिवाय! आम्ही तिघं घट्ट रेतीवर कोसळलो तेव्हा धुकं आमच्यावरून गेलं होतं.

पाच पावलांपलीकडे जग उरलं नव्हतं. पंधरावा खांब दिसत नव्हता. दीपगृहाचा भोंगा वाजू लागला, पण धुक्यात आवाजाला बाजू नसते. एकदा समोरून यायचा, एकदा पाठीमागून. आणि घोट्यांभोवती पाणी फिरू लागलं होतं.

काकांना चालता येत नव्हतं. साहेबांनी एक हात खांद्यावर घेतला, मी दुसरा.

"यंत्र सांगतं, डावीकडे," साहेब म्हणाले. "डावीकडे साठ पावलांवर घट्ट जमीन."

"गेल्या वर्षीची," काका म्हणाले.

तरी आम्ही डावीकडे गेलो. माणूस घाबरला की आकड्यांवर विश्वास ठेवतो. विसाव्या पावलाला साहेबांचा पाय गुडघ्यापर्यंत गेला आणि यंत्र पाण्यात पडलं. ते वर काढलं तेव्हा त्याच्या काचेवर काहीच नव्हतं.

मग साहेबांनी हात उंचावला. "खांब! तो बघा खांब!"

खरंच! धुक्यात काळी, उभी, सरळ रेघ. मला तिच्यावरचा डांबराचा पट्टाही दिसला. काकांनाही दिसला, ते "चौदावा" म्हणाले. आम्ही जवळजवळ पळत सुटलो. दहा पावलं, वीस पावलं. खांबाने मान वळवली, पंख पसरले आणि उडून गेला.

करकोचा होता. आमच्यासमोर काळं, खोल, वाहतं पाणी होतं.

आमच्यातल्या एकाने 'खांब' म्हटलं होतं आणि तिघांच्या डोळ्यांनी मुकाट्याने खांब पाहिला होता. पट्ट्यासकट. मला पाटी आठवली. पंधरा आणि सतरा यांच्यामध्ये मला तरी काय दिसलं होतं? जे होतं ते नाही. जे असायला हवं असं मला माहीत होतं, ते.

"आता गप्प," मी म्हणाले. "दोघंही. मी पुढे चालते. माझ्या पावलावर पाऊल."

"तुला वाट येते?" काकांनी विचारलं.

"नाही."

मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि अनवाणी पाय रेतीवर नीट टेकवले. साहेबांनी काकांना पाठीवर घेतलं.

सुरुवातीला डोक्यात नुसता गोंगाट होता. वळ्या घराकडे आडव्या असतात की उभ्या? बाबा काय म्हणाले होते? सोळा. भरतीला किती वेळ? सोळा. पुस्तिका, पान सोळा, तिसरं उदाहरण. मी पावलं मोजत होते. एकशे अडतीस, एकशे एकोणचाळीस, आणि पुढचा आकडा आलाच नाही.

आधी आकडे गेले. मग डावं-उजवं गेलं. शब्द जातात तेव्हा आवाज होत नाही. घरात बसलेलो असताना कधीतरी लक्षात येतं की मघाचा पंखा बंद झालाय, तसं.

त्यापुढचं मी आता शब्दांतच लिहिते आहे, म्हणजे ते थोडं खोटंच होणार.

तळव्याखाली उतार होता. पुन्हा उतार. पुन्हा. प्रत्येकाची एक बाजू निजलेली, एक तुटलेली, आणि ती तुटलेली बाजू बोटांऐवजी टाचेला लागली की अंग वळायचं. मी वळवत नव्हते. पाणी एक नव्हतं. एक उन्हात पडून कोमटलेलं, जागच्या जागी हलणारं. दुसरं त्याच्या खालून येणारं, बारीक, धारदार, घोट्याच्या हाडाला शोधत येणारं. जिथे दुसरं दाट व्हायचं तिथून पाय आपोआप मागे यायचा. धुकं पांढरं नव्हतं. त्यात जवळ होतं, लांब होतं, जाड होतं, विरळ होतं, आणि ते गालांना कळत होतं, डोळ्यांना नाही. भोंगा, साहेबांचा श्वास, काकांचं कण्हणं, पाणी, हे सगळं वेगवेगळं नव्हतं आणि मिसळलेलंही नव्हतं. कशालाच कड नव्हती. कड बहुधा नावाला असते, वस्तूला नसते.

भीती होती का? पोटात काहीतरी घट्ट होतं. पण ती भीती आहे असं सांगणारं कुणी तिथे नव्हतं, म्हणून ते नुसतं घट्ट होतं, जशी पायाखालची रेती घट्ट होती.

आणि बाबा नव्हते, असं लिहायला जाते तर हात थांबतो. तेव्हा 'नव्हते' नव्हतं. पायांना 'नाही' लागत नाही. डोळ्यांना 'नाही' दिसत नाही. जे आहे तेवढंच लागतं. 'नाही' हा निव्वळ शब्द आहे, आणि शब्द थांबले होते. त्या अर्ध्या तासात कुणी गेलेलं नव्हतं, कुणी उरलेलं नव्हतं. कुणी काही लिहिलेलं नव्हतं. अकरा महिन्यांत मी पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला आणि तो मी घेते आहे हेही मला कळलं नाही.

मग पुढे केलेल्या हाताला खरबरीत, चिकट असं काही लागलं. एक वास आला. आणि त्या वासामागून शब्द आला.

डांबर.

त्याच्यामागून खांब. मग, बोटांनी खाच चाचपल्यावर, बारा. मग बाबा. मग नाहीत. मग मी.

सहा शब्दांत अकरा महिने परत आले. मी खांबाला मिठी मारून उभी राहिले आणि मागून साहेब ओरडले, "शिडी! शिडी मिळाली!"

पाणी मांड्यांपर्यंत आलं होतं. आम्ही काकांना दोराने वर ओढलं, स्वतः चढलो, आणि खोपट्याच्या फळ्यांवर ओल्या पोत्यांसारखे पडलो. खाली समुद्राने मचाणाचे चारही वासे धरले.

वाचलो होतो.

खोपट्यात एक कोरडी घोंगडी, पाण्याचं पिंप आणि टिनाची पेटी होती. घोंगडी आणि पेटीतल्या मेणबत्त्या बाबांनीच कधीतरी ठेवलेल्या. मी काकांचा पाय घोंगडीत गुंडाळला. माझ्या मनात बाबांविषयी एक नवाच राग उसळला होता. ते आयुष्यभर तिथे राहत होते, जिथे मी अर्धा तास जाऊन आले. आणि मी त्या जागेला उणीव म्हणाले होते. त्यांनी मला परत एकदा बोलावलं होतं, त्या दिवशी, टेबलाशी उभं राहून. मी ऐंशी पानं बाकी असल्याचं सांगितलं होतं.

"कशी आणलीस गं?" काकांनी विचारलं.

"माहीत नाही."

"दादाही असंच म्हणायचा. मला वाटायचं, शेखी मिरवतो."

साहेबांनी खिशातून ओली टाचणवही काढली, पानं फुंकून वेगळी केली. "ताई, वाईट वाटतं," ते हळू म्हणाले. "तुम्ही आज आमचा जीव वाचवलात. पण वही गेली. पुराव्याशिवाय मला अहवाल बदलता येणार नाही. पाटीवर सोळा आहे आणि अक्षर त्यांचं आहे."

"बदलूच नका," काका म्हणाले.

आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"वही मिळाली असती तर मी बोललो नसतो," काका म्हणाले. "आजवर कुणाला सांगितलं नाही, वहिनीलाही नाही. त्या दिवशी तो मला फळीवर ओढत होता ना, तेव्हा मी त्याच्यावर ओरडलो. माझा जीव चालला होता, मी काय नाही ते बोललो. म्हटलं, तूच मारलंस मला! सोळा तूच लिहिलास ना पाटीवर? तो थांबला. माझ्याकडे बघतच राहिला. आधी काही कळलंच नाही त्याला. मग काहीतरी कळल्यासारखं तोंड केलं. आणि हसला. शपथ घेऊन सांगतो, पोरी, गळ्यापर्यंत पाणी आणि हा हसला. म्हणाला, 'हो. मीच लिहिला.' आणि फळी ढकलली."

खाली पाणी वाशांवर आपटत होतं.

"तेव्हा कबुली आहे, साहेब," काका म्हणाले. त्यांनी बाहीने नाक पुसलं. "चुकला दादा. माणूसच होता. मी माफ केलंय त्याला. लिहा."

बाबा खोटं बोलत नसत. खोटं बोलायलाही शब्द लागतात. सबंध आयुष्यात त्यांनी एकच खोटं वाक्य उच्चारलं, तेही शेवटचं, आणि ते माझ्यासाठी राखून ठेवल्यासारखं. पाटीपाशी चहाचा कप घेऊन उभी असलेली मी त्यांना तिथे, त्या पाण्यात, स्पष्ट दिसली असणार. कानामागच्या पेन्सिलीसकट.

साहेबांनी पेन्सिल टेकवली. ओल्या कागदावर ती आवाज न करता सरकू लागली.

शब्द परत आले होते. सगळेच्या सगळे. त्यांतले दोन-चार उचलायचे होते, एवढंच. मी काकांचा चिखलाने माखलेला हात हातात घेतला आणि साहेबांकडे पाहिलं.

"खोडा ते," मी म्हणाले. "काका, सोळा बाबांनी लिहिला नव्हता. मी लिहिला."